मंगळावरचं मीठ

"पानी नाई लागलं त्याले," कौतिकाबाई म्हणाल्या. "थेंबबी नाई."

हे त्यांनी चुलीतल्या लाकडाला सांगितलं. मी मागे ओसरीवर बसले होते, हातात त्यांनीच दिलेला गुळाचा चहा होता, आणि ते उत्तर ऐकून मला इतकं हायसं वाटलं की उठून त्यांच्या पाया पडायचंच बाकी राहिलं. तरी खात्रीसाठी पुन्हा विचारलं.

"म्हणजे तुम्हाला सापडल्यापासून पोलीस पाटील घेऊन जाईपर्यंत दगड कोरडाच होता?"

"ज्वारीच्या कोठीत व्हता. ज्वारीत कोनी पानी घालत असते काय, ताई?"

नाही घालत. माझं काम झालं होतं. दुपारची एसटी पकडली असती तर दुसऱ्या दिवशी पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत पोचून मी राजहंस सरांना सांगू शकले असते, की सर, बाई नाही म्हणाल्या.

तेव्हा मी तिशीची होते, नावाआधी नुकतंच डॉक्टर लागलेलं होतं आणि ते कोणी म्हटलं नाही की मला राग यायचा. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, लोणारपासून फार लांब नव्हे. तिथल्या लोकांना आभाळातून काही पडण्याचं अप्रूप नसावं, कारण फार पूर्वी पडलेल्या एका दगडाने त्यांना अख्खं सरोवर करून दिलं आहे. आमचा दगड त्या मानाने अगदीच गरीब, मोठ्या कवठाएवढा. आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो गोकर्णाबाईंच्या गोठ्याचा पत्रा फोडून आत शिरला आणि शेण काढायला बसलेल्या गोकर्णाबाईंचा खुबा मोडून थांबला. शेजारी बांधलेल्या गाईला ओरखडाही आला नाही. गोकर्णाबाई म्हणजे कौतिकाबाईंची धाकटी जाऊ. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच. त्या गडबडीत सगळे गोकर्णाबाईंना ट्रॅक्टरवर चढवत असताना दगड कौतिकाबाईंनी उचलला, आणि पोलीस पाटलांना पत्ता लागेपर्यंत तो त्यांच्याकडेच होता. पुढे तो तहसिलीत गेला आणि तिथून आमच्या प्रयोगशाळेत आला.

तो मंगळावरचा निघाला. हे कळतं कसं, असं लोक मला अजूनही जरा संशयानेच विचारतात. मंगळावर कधीतरी मोठा आघात होतो, तिथल्या खडकाचे तुकडे उडून अंतराळात जातात. त्या आघाताने खडकाचा थोडा भाग वितळून त्याची काच होते आणि काचेत तिथल्या हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. मंगळावर उतरलेल्या यानांनी तिथली हवा मोजून ठेवली आहे. आमच्या दगडातली काच तापवली तर अगदी तीच हवा बाहेर आली.

आणि मग एका भेगेत मला मीठ सापडलं.

मीठ सापडणं म्हणजे काय, ते राजहंस सरांच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं. हा माणूस आयुष्यभर सांगत आला होता की मंगळ एकेकाळी उबदार होता, त्याच्यावर दाट हवा होती, पाणी वाहत होतं. पुरावा मागितला की लोक त्यांच्या तोंडावर हसायचे, आणि पाठीमागे तर विचारूच नका. आता खडकाच्या भेगेत पाणी शिरलेलं, आटलेलं आणि मागे मीठ ठेवून गेलेलं दिसत होतं. एका तळ्याचा शेवट दिसत होता. सर निवृत्तीला आले होते. सोमवारी हैदराबादच्या परिषदेत ते हे जाहीर करणार होते, आणि मोजमाप माझं असल्यामुळे माझंही नाव होणार होतं.

"फारच टवटवीत दिसतंय सर हे मीठ," मी एकदाच म्हणाले होते. "इतकं जुनं असून कडा कशा शाबूत आहेत?"

"कोरडं ठेवलं तर मीठ म्हातारं होत नाही, शरयू," सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बाईंना भेटून ये. मधल्या काळात दगडाला पाणी लागलं का, एवढं विचार. नाही म्हणाल्या की परत ये."

हो म्हणाल्या तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"जेवून जा," कौतिकाबाई म्हणाल्या. "पन आदी तिले खाऊ घालतो. तिची वेळ झाली."

हातात ताट घेऊन त्या शेजारच्या घरात गेल्या आणि पाहुणीने एकटं काय बसायचं, म्हणून मी मागोमाग गेले. गोकर्णाबाई खाटेवर उताण्या पडल्या होत्या. हाड जुळलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा सळई घातली होती. नवरा दिवसभर शेतात, मुलगा सुरतेला. कौतिकाबाईंनी एक हात त्यांच्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि त्या जाडजूड बाईला असं अलगद कुशीवर वळवलं की मी बघतच राहिले.

"पाह्यलं ना ताई?" गोकर्णाबाई मला म्हणाल्या. "हगनं-मुतनं सारं हीच काढते. सख्खी माय करनार नाई एवढं. आमचं बोलनं बंद व्हतं बरं का त्याच्या आदी. पन दगड पडला अन् ही धावत आली ते आजपावतर. देवमानूस हाये माही जाऊ."

"जेव मुकाट्यानं," कौतिकाबाई म्हणाल्या.

"जेवतो ना. पन सांगू दे त. कोनी आलं का मी सांगतो."

"पानी आनतो," असं म्हणून कौतिकाबाई बाहेर निघून गेल्या. पाण्याचा तांब्या खाटेखाली भरलेला होता.

त्या गेल्यावर गोकर्णाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आइतवारी अलकाले पाहाले येऊन राह्यले. हिच्या पोरीले. यंदा जमलंच पाह्यजे, ताई. नाई जमलं त मले मरनबी येनार नाई." एवढं म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरून ठेवला आणि खाल्लाच नाही.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला परसात गेले. मोरीपाशी सरपणाच्या मागे एक पितळी घंगाळ सरकवून ठेवलं होतं. घासलेलं नव्हतं, त्यात कोळ्यांनी जाळी केली होती. एवढ्या लख्ख घरात हे एकच भांडं असं का, म्हणून वाकून पाहिलं, तर आतून निम्म्या उंचीवर पांढरी कड दिसली. त्या कडेखाली दुसरी, तिच्या खाली तिसरी. पाणी भरून ते आटवलं, परत भरलं, परत आटवलं की अशा कडा उठतात. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गेले सहा महिने मी तशाच कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते.

मी बोट लावलं आणि चाटलं. सापडेल ती वस्तू चाटू नये, असं आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बजावतो. खारट लागलं.

मागे वळले तर दारात कौतिकाबाई उभ्या होत्या. माझं बोट अजून ओठाशी होतं. त्या पुढे आल्या, सरपणावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरला. दोघींपैकी चोर कोण, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"मावशी," मी म्हणाले, "दगड यात होता?"

"रोज," त्या म्हणाल्या. "सकाई मिठाच्या पान्यात ठेवाचा, दुपारी उनात काढाचा. पानी उनातच आटू द्याचं, सांडाचं नाई. पुन्हा मूठभर मीठ, पुन्हा पानी."

"कशासाठी पण?"

"दीट काढत व्हतो."

"दृष्ट? दगडाची?"

"माह्या तोंडाची."

मग त्यांनी सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनीच कळलं, कारण मध्येच त्या थांबायच्या आणि भिंतीपलीकडे कान द्यायच्या. त्यांची अलका लहान असताना एकदा तापात तिला झटके आले होते. एकदाच, पुन्हा कधीच नाही. आदल्या वर्षी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, सुपारी फुटायची बाकी होती, आणि मुलाकडचे अचानक मागे सरले. पोरीला फिट येते असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ही गोष्ट घराबाहेर एकाच बाईला माहीत होती. कौतिकाबाईंनी जावेला विचारलं. तिने गोठ्यात जाऊन, गाईच्या शेपटीला हात लावून शपथ घेतली की मी नाही सांगितलं. गाईची शपथ घेतल्यावर पुढे काही बोलायची सोय नसते. मग कौतिकाबाई एकट्याच शेतात गेल्या, बांधावर उभ्या राहिल्या आणि जावेच्या नावाने जे मनात होतं ते सगळं बोलल्या.

"काय बोललात?"

"तुह्यावर आभाय पडो, म्हनलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "पंदरवडा गेला नसन, अन् पडलं."

मला हसू येईल असं आधी वाटलं होतं. आलं नाही.

"म्या ठरवलं, ती उठून बसतपावतर रोज काढाची. तोंडातून गेलेलं मिठात उतरते. पाटलानं दगड नेला अन् ते अर्ध्यात राह्यलं. मंग तिचं हाड जुळलंच नाई. अन् ती मले देवमानूस म्हनते. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगते. मी पानी आनाच्या निमतानं बाहेर येऊन बसतो. अजून किती डाव पानी आनू, सांगा."

मी त्यांच्याजवळ बसले. शिकलेली माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं. समजावून सांगायला लागले. दगड मंगळावरून आला आहे, म्हटलं.

"मंगय म्हंजे पत्रिकेतला?"

"तोच."

"मंग त बोलाचं कामच नाई," त्या म्हणाल्या.

मी नेटाने पुढे गेले. दगड तिथून निघाला त्याला कोटभर वर्षं झाली. अंतराळातल्या किरणांचा मारा दगडावर खुणा ठेवतो, त्यावरून तो किती काळ वाटेत होता हे मोजता येतं. तो निघाला तेव्हा तुम्ही नव्हता, गोकर्णाबाई नव्हत्या, हे गाव नव्हतं, माणूस नावाचं जनावरच पृथ्वीवर नव्हतं. तुम्ही बोललात त्याच्या कितीतरी आधी तो वाटेला लागला होता.

त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. बाई हुशार होत्या. म्हणाल्या, "निघाला असन तवा. पन कोनाच्या पत्र्यावर पडाचं, हे त त्यानं निघताना ठरवलं नसन ना?"

दगड कुठे पडतो याचं गणित मी करू शकले असते. त्यांना हवं होतं ते गणित ते नव्हे.

"मंगयावर काय हाये?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही. नुसती माती आणि थंडी. पण पूर्वी दाट हवा होती, पाणी वाहत होतं, असं वाटतं."

"गेलं कुठं मंग?"

"हवा हळूहळू उडून गेली. उफणताना कसं, भुसा उडतो आणि दाणा खाली राहतो, तसं हलकं ते उडालं आणि जड ते मागे राहिलं. दगडात बुडबुडे अडकलेत, त्यात जडच जास्त आहे. त्यावरून अंदाज करायचा, की किती उडालं असेल. हवा गेल्यावर पाणीही टिकलं नाही."

"अन् मीठ?"

तिथे मी अडखळले. मग सगळंच सांगितलं. की दगडाच्या भेगेत मीठ मिळालं, की ते मंगळावरच्या आटलेल्या तळ्याचं आहे असं आम्ही समजत होतो, की सोमवारी माझे सर ते भर सभेत सांगणार आहेत. त्या डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिल्या. मग घंगाळाकडे बघितलं.

"अन् ते माहं मीठ हाये."

"हो."

"तुमी सांगसान सायबाले."

"सांगावं लागेल, मावशी."

"कोनं भिजवला, काऊन भिजवला, हे इचारतीन ना थे?"

"विचारतील. कारण दिल्याशिवाय ते मागे घेणार नाहीत. छापूनही येईल. पण ते कागद इकडे कोणी वाचत नाही."

"आज नाई वाचत," कौतिकाबाई म्हणाल्या. "गाव मले करनीवाली म्हनन, ताई. मंग अलकाले कोनी पाहाले येनार नाई. आइतवारचे त नाईच नाई."

त्या घरात मी सकाळी एक 'नाही' घ्यायला आले होते आणि ते मला आयतं मिळालंही होतं. मला कोणी घंगाळात डोकवायला सांगितलं नव्हतं. आता एका बाजूला सरांचं आयुष्यभराचं म्हणणं, दुसऱ्या बाजूला या पोरीचं लग्न, आणि मध्ये मी खारट बोट घेऊन बसलेली. मला स्वतःचीच फार लाज वाटली. त्यांच्या मनातलं हे मी उकरून काढलं होतं आणि आता ते माझ्या कामाचं होतं.

"मी नाही सांगत," मी म्हणाले. "कोणाचंही नाव घेत नाही. जाते मी."

"अन् नाई सांगितलं त?"

"तर मंगळावर मीठ होतं असं सगळे धरून चालतील. पुढे कोणीतरी चूक काढेल. किंवा नाही काढणार."

"पोरं शायेत शिकतीन?"

"शिकतील कदाचित."

पलीकडून गोकर्णाबाईंच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"म्हंजे माह्या शिव्या तुमी मंगयावर नेऊन ठेवनार," कौतिकाबाई म्हणाल्या. "तिथं त नका नेऊ. इथं हायेत तेवढ्या पुरे झाल्या." आणि त्या उठल्या. "चला."

"कुठे?"

"तिले सांगतो आदी. जिच्यावर पडलं तिले सोडून तुमच्या सायबाले सांगनं बरं दिसत नाई."

मी त्यांना थांबवायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्यांच्यामागून गेले एवढं खरं.

गोकर्णाबाईंचा डोळा लागत होता. कौतिकाबाई खाटेपासून लांब, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"गोकर्णे, तो दगड म्या पाडला तुह्यावर."

गोकर्णाबाईंनी डोळे उघडले. कौतिकाबाईंनी सगळं सांगितलं. बांध, शाप, घंगाळ, मीठ, काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. गोकर्णाबाई समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या. त्या ओरडतील, शेजारीपाजारी गोळा होतील, अशी माझी खात्री होती. मी दार लोटून घेतलं.

"कोन्या दिवशी बोलली तू हे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तू शपथ घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"शपथ घेतल्यावर?"

"हो. तुह्यावर इश्वास नाई ठेवला म्या. गाईची शपथ घेतली तरी नाई ठेवला."

गोकर्णाबाईंचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, खुबा दुखतोय.

"खोटी व्हती ती," त्या म्हणाल्या.

कौतिकाबाई चौकट धरून तशाच उभ्या.

"म्याच सांगितलं व्हतं त्या लोकायले. बोलता बोलता निंगून गेलं तोंडातून, असं म्या माह्या मनाले सांगत व्हतो. निंगून नाई गेलं. अलकाचं चांगल्या घरी जमत व्हतं, अन् माह्या पोराले कोनी पोरगी देत नव्हतं. म्हनून सांगितलं. मंग गाईच्या शेपटीले हात लावून खोटं बोलली. अन् त्याच गोठ्यात, त्याच गाईपाशी बसली असताना पडला तो. गाईले लागला नाई, मलेच लागला. मले तवाच समजलं, का कशाचा हाये. अन् तू येऊन माहं गू-मूत काढाले लागली. मी देवमानूस नाई म्हननार त काय म्हननार? दुसरं तोंड व्हतं का मले?"

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मला ते सहन झालं नाही, आणि मी पुन्हा दगडाची बाजू घेतली. म्हटलं, हे बघा, हा दगड तुमच्या शापाने पडला नाही आणि तुमच्या शपथेनेही नाही. त्याला तुमचं काही माहीत नव्हतं. तो कोणाच्याच पापाचा नाही.

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं, पोक्त माणसांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं.

"दगडाचं नाई चाललं, ताई," कौतिकाबाई म्हणाल्या.

आणि त्या निघून गेल्या. पलीकडे त्यांच्या घराचं दार लागलेलं ऐकू आलं, आतून कडी घातलेलीही ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. नाव न घेता सांगितलं, की घरातल्या बाईने दगड रोज मिठाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवला होता.

"किती मीठ टाकायच्या?" सरांनी विचारलं.

"मूठभर, सर."

"मूठभर," सर म्हणाले. का भिजवला, हे त्यांनी विचारलंच नाही. सोमवारी ते हैदराबादच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की हे मीठ पृथ्वीवरचं आहे आणि आमची चूक झाली. काचेतल्या बुडबुड्यांपर्यंत ते पाणी पोचलं नव्हतं, म्हणून बुडबुड्यांनी सांगितलेलं सगळं टिकलं: हवा दाट होती, हलकी हलकी उडून गेली, जड मागे राहिली. मंगळावरच्या पाण्याचे पुरावे पुढे इतरांना इतर दगडांत मिळाले. सरांना लोकांनी फार मानाने निरोप दिला, आणि ते माझ्याशी शेवटपर्यंत प्रेमाने वागले. त्यांच्यासमोर बसलं की मला मात्र माझं बोट तोंडात असल्यासारखं वाटायचं. अलकाचं रविवारी काय झालं ते मी कधी विचारलं नाही. पत्र लिहायला घ्यायची आणि ठेवून द्यायची.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी माझी एसटी चुकली होती आणि मी गोकर्णाबाईंच्या खोलीत अडकले होते. उठून जायला नको वाटत होतं आणि बसवतही नव्हतं. त्या दोघींमध्ये जे काय होतं, खोट्यावर का होईना, ते उभं होतं. त्या खोट्याच्या आधाराने एक मोडलेली बाई जेवत होती, कुशीवर वळत होती. आणि मी पुण्याहून येऊन ते पाडलं होतं.

उन्हं उतरली. गोकर्णाबाई दुपारपासून एकाच कुशीवर होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी वळवू का तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमाले जमनार नाई. हाड सरकन." त्यांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. "तिलेच जमते."

आम्ही वाट बघत बसलो, पण वाट बघतोय असं दोघीही म्हणालो नाही. बाहेर गुरं परत आली. गोकर्णाबाईंचे यजमान बैल बांधून पाण्याला गेले. खोलीत अंधारायला लागलं तरी दिवा लावायचं मला सुचलं नाही.

मग पलीकडची कडी निघाली. कौतिकाबाई आत आल्या, बटण दाबून दिवा लावला, पदर खोचला. त्यांचे डोळे सुजले होते. खाटेशी येऊन एक हात त्यांनी जावेच्या मानेखाली घातला.

"कौतिके," गोकर्णाबाई म्हणाल्या, "मले माफ कर."

"नाई करत."

दुसरा हात गुडघ्यांखाली गेला. गोकर्णाबाईंनी कौतिकाबाईंचा दंड घट्ट धरला.

"मंग मीबी तुले नाई करत."

"नको करू," कौतिकाबाई म्हणाल्या. "अंग सैल सोड."